बावीस किलो

माझा बाप व्हिनारोसच्या धक्क्यावर
कोळ्यांची जाळी सांधायचा.
मी रॅकेटा विणतो.
त्याच्या जाळ्यात काहीतरी अडकायचं,
माझ्या जाळीवरून सगळं परत जातं.

अकादमीच्या मागे, धुलाईघराला लागून माझी खोली.
कुंपणापलीकडे संत्र्यांची बाग,
आणि अलीकडे चोवीस कोर्टांचा तो आवाज
सकाळी सातपासून, टप् टप्,
जणू कुणी भलंमोठं घर बांधतंय
आणि ते काही केल्या पुरं होत नाही.
लाल माती म्हणतात ती मातीही नाही खरं तर,
विटांचा चुरा.
कुणाकुणाच्या पडक्या भिंतींवरून
पोरं चेंडूकडे घसरत जातात.

प्रशिक्षकांकडे कॅमेरे आहेत.
डॉक्टरांकडे रक्ताचे अहवाल.
संचालिकाबाईंकडे तक्ता,
कुणावर किती खर्च झाला आणि अजून किती करावा.
माझ्याकडे तुटक्या तारा येतात.
मधोमध तुटली, तर पोरगा जीव ओतून खेळला.
वरच्या कडेला तुटली, तर चेंडूला उशिरा पोचला,
बहुधा घाबरून.
तुटलीच नाही, नुसती सैल पडून आली,
तर काल रात्री कुणीतरी
घरी फोन लावून काहीच बोललेलं नाही.

नेस्तान कुतैसीहून आली तेव्हा अकराची होती.
बापाने मिनीबस विकलेली.
रॅकेटीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
भाषा नव्हती, तिने बोटं दाखवली:
दहा, दहा, दोन.
एवढ्याशा मनगटाला बावीस!
मी अठरावर ताणली
आणि चिठ्ठीवर बावीस लिहिलं.
त्या आठवड्यात ती तीन सामने जिंकली.
(दोन वर्षांनी सांगितलं तिला.
महिनाभर माझ्या दारात आली नाही.
मग आली, आणि यंत्राचा काटा
स्वतः वाकून वाचू लागली.)

इथे पोरं घडवतात.
फाटकावर तसं लिहिलेलं नाही, पण जेवणाच्या टेबलावर
सगळे हाच शब्द वापरतात.
आणि घडतात, नाही कशी?
न्याहारीला ओट्स, अकराला बर्फाचं टब,
दुपारी गणित, संध्याकाळी पुन्हा बॅकहँड,
झोपेतसुद्धा पाय आखूड पावलं टाकतात.
भिंतीवर फोटो लागले ते चौघं.
उरलेल्यांची मापं माझ्या वहीत.

एक गोष्ट मात्र त्यांना कुणी शिकवत नाही.
यंत्रावरून उतरल्या क्षणापासून
तार ताण सोडायला लागते,
कुणी खेळो, न खेळो.

सोळाव्या वर्षी तिच्या चिठ्ठ्या उतरू लागल्या.
बावीस. एकवीस. वीस.
मग साडेअठरा, पेन्सिलीने, पुसट.
बेरेंगेरने मला व्हरांड्यात गाठलं,
"पोरीचं काही कळलं का तुला?"
"नवी तार आहे," मी म्हणालो, "तिला सैलच मानवते."
खोटं बोललो.
अजूनही कळत नाही, त्यात भलं कुणाचं केलं.
ते मनगट आणखी चार महिने खेळलं.

जूनमध्ये यादी लागली.
ती रॅकेट घेऊन आली, हाताला पट्टा बांधलेला.
"किती?"
"बावीस."
या वेळी मी बावीसच लावले, गुंजभर कमी नाही.
तिने काटा पाहिला नाही.
कलिंगड पारखावं तशी तळव्याने जाळी वाजवली,
कान लावून थोडा वेळ उभी राहिली
आणि पैसे किती झाले विचारलं,
जे आजवर इथे कुणीच विचारलं नव्हतं.

बाप म्हणायचा, ओली जाळी ताणून वाळवू नये.
मी त्याचं ऐकायचो कधी!

आता ऑक्टोबर.
ती रॅकेट कुतैसीत कुठल्याशा खुंटीवर असेल.
कुणी हात लावला नसला
तरी एव्हाना वीसवर आली असेल.
नाताळपर्यंत अठरा.